अकोल्याचा उन्हाळा आणि जुना रायझन: ओव्हरक्लॉक कुठवर ताणावा?

वऱ्हाडी_फ्रेम

नमस्कार मंडळी,

मी अकोल्यात लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. एडिटिंगचं मशीन २०१८ मध्ये जुळवलं: एएमडीचा रायझन ५ १६००, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, आणि प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला रेथ स्पायर कूलर. मशीनने आजवर एकदाही दगा दिलेला नाही. पण आता तिथी एकावर एक आल्यात आणि वेळ पुरत नाही.

अडचण नेमकी सांगतो. रात्रीच्या वरातीच्या फुटेजमध्ये दाणे फार येतात, त्यामुळे नॉइज काढण्याचा फिल्टर लावावाच लागतो आणि तो सगळा भार प्रोसेसरवर टाकतो. एका लग्नाच्या रेंडरला, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला, साडेपाच तास जातात. रात्री दहाला दोन लग्नं रांगेत लावली की सकाळी नऊला संपतात. दुकान आठला उघडतं. म्हणजे रोज सकाळचा एक तास मी मशीनसमोर नुसता बसून असतो आणि गिऱ्हाईक समोर चहा पीत असतं.

म्हणून ओव्हरक्लॉकिंगकडे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याकडे, वळलो. खोक्यावर ३.६ गिगाहर्ट्झ लिहिलंय, पण ते एक-दोन कोरपुरतं. सहाही कोर कामाला लागले की माझा प्रोसेसर ३.४ वर स्थिरावतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन मल्टिप्लायर (मूळ ठोक्याच्या किती पट वेग ते ठरवणारा आकडा) ३८ केला, व्होल्टेज १.३५ दिलं. विंडोज मस्त सुरू झालं. रेंडर लावला. वीस मिनिटांत तापमान ९३ अंश. फॅनचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता. अर्ध्या तासाने मशीन आपोआप बंद पडलं. त्या वेळी खोलीत ३८ अंश होते, रात्रीचे अकरा वाजले होते. साध्या सेटिंगवर याच खोलीत ७८ पर्यंत जातं.

आठच्या आत दोन लग्नं संपवायची आहेत. प्रोसेसर जाळायचा नाही. नवीन मशीनचा खर्च दिवाळीआधी झेपणार नाही. काय करता येईल?

---

ओहम

भाऊ, तुम्ही खोलीचं तापमान लिहिलंत हे फार बरं केलंत. इंटरनेटवरचे बहुतेक आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात आणि आपली माणसं ते वाचून तेच सेटिंग मे महिन्यात टाकतात.

हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा, प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक ठरवतो. तुमच्याकडे साध्या सेटिंगवर ३८ चे ७८ होतात, म्हणजे फरक ४० अंशांचा. ही खोली २२ अंशांची असती तर प्रोसेसर ६२ वर राहिला असता. मशीन तेच, काम तेच.

आता उष्णतेचा हिशोब. चिपची उष्णता वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साध्या सेटिंगवर भाराखाली १.२ च्या आसपास व्होल्टेज असेल असं धरू. ३.४ वरून ३.८ म्हणजे वेग १२ टक्के वाढला. व्होल्टेज १.२ वरून १.३५, त्याचा वर्ग केला की सव्वापटीहून जरा जास्त. दोन्हींचा गुणाकार १.४१. बारा टक्के वेगासाठी तुम्ही ४१ टक्के जास्त उष्णता विकत घेतली. ४० अंशांच्या फरकाचे ५६ झाले, आणि ३८ अधिक ५६ म्हणजे ९४. तुम्हाला ९३ दिसले. रायझन १६०० ची कमाल मर्यादा ९५ आहे.

आता हेच ३.७ वर करून बघा. हा वेग बहुतेक १६०० चिप १.२५ व्होल्टच्या आसपास घेतात. वेग ९ टक्के वाढतो, उष्णता १८ टक्के. फरक ४७, तापमान ८५. शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झसाठी ९ अंश मोजावे लागतायत. मी असतो तर ३.७ वर थांबलो असतो.

---

वऱ्हाडी_फ्रेम

ओहम भाऊ, कागदावर मांडून बघितलं. ३.७ वर एक लग्न ५ तास ३ मिनिटांच्या आसपास, दोन लग्नं १० तास ६ मिनिटं. रात्री दहाला लावलं तर सकाळी ८ वाजून ६ मिनिटं. सहा मिनिटांनी हुकतंय.

---

जुना_सेलेरॉन

धागा वाचून पंचवीस वर्षं मागे गेलो, म्हणून लिहितो.

२४ ऑगस्ट १९९८ ला इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम टू ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर. या सेलेरॉनचा मल्टिप्लायर साडेचारवर कुलूपबंद होता आणि बसचा, म्हणजे बोर्डाच्या मूळ ठोक्याचा, वेग ६६ मेगाहर्ट्झ. साडेचार गुणिले ६६ म्हणजे ३००. पण ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर बस १०० करता यायची. तसं केलं की साडेचार गुणिले १००, म्हणजे ४५०. व्होल्टेजला हात न लावता, सोबतच्याच हीटसिंकवर. शिवाय त्याची कॅशे, म्हणजे झटपट मेमरी, १२८ केबी का असेना, प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची. पेंटियमची ५१२ केबी होती, पण निम्म्या वेगाने.

ज्यांच्या बोर्डवर बस बदलायची सोय नव्हती ते स्लॉटच्या बी२१ क्रमांकाच्या पिनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे. तेवढ्याने बोर्ड शंभरची बस धरायचा. मी तो तुकडा कंपासपेटीतल्या कर्काटकाच्या टोकाने बसवला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून प्रोसेसर घेऊन लोकलने घरी येताना तो पूर्ण रस्ता मांडीवर धरला होता. पहिल्यांदा स्क्रीनवर ४५० चा आकडा उमटला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी आईला उठवून दाखवला होता.

पुढे एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्डवर शिसपेन्सिलीने प्रोसेसरवरचे एल१ नावाचे ठिपके जोडून मल्टिप्लायर मोकळा करता यायचा. ग्राफाइट वीज वाहून नेतं, एवढंच त्याचं गुपित. नंतर इंटेलचा क्यू६६०० आला, २.४ चा ३ गिगाहर्ट्झ हसत करायचा. मग इंटेलचाच २०११ चा २५००के. ३.३ चा चिप साडेचारला चालवणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

हे सगळं शक्य होतं, कारण कारखान्यातून निघणाऱ्या चांगल्या चिपवरही बाजारासाठी खालचा आकडा छापला जायचा. आता प्रोसेसर स्वतःच तापमान, करंट आणि व्होल्टेज बघून क्षणाक्षणाला वेग वाढवतो. शिल्लक असते ती कंपनीच वापरून टाकते. तुमचा १६०० या दोन काळांच्या मधला आहे, त्यामुळे त्याच्यात अजून थोडं उरलंय. पण ३००ए सारखं दीडपट आता कुठेच मिळणार नाही, त्या आशेने व्होल्टेज चढवू नका.

---

रात्रपाळी

फ्रेम दादा, एक साधा प्रश्न. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. उजवीकडे स्पीड किती दिसतो?

---

वऱ्हाडी_फ्रेम

ताई, २१३३ दिसतोय. रॅमच्या पट्टीवरच्या स्टिकरवर मात्र ३००० लिहिलंय.

---

रात्रपाळी

मग तुमची सहा मिनिटं तिथे आहेत.

रॅम बसवली की बोर्ड ती सुरक्षित वेगावर चालवतो. स्टिकरवरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. जुळवणारे बरेचदा ते करतच नाहीत. रायझनमध्ये याचा तोटा दुप्पट होतो, कारण कोरांच्या दोन गटांना जोडणारी आतली वाहिनी रॅमच्याच तालावर चालते. रॅम हळू म्हणजे ती वाहिनीही हळू.

पण पुढचं नीट वाचा, कारण मी यात पोळले आहे. पहिल्या पिढीच्या रायझनला वेगवान रॅम सहज पचत नाही. माझ्याकडे रायझन १७०० होता, मी रॅम ३२०० वर टाकली. विंडोज सुरू, ब्राउझर सुरू, दहा मिनिटांची प्रोसेसर चाचणी पास. मी खूश. दोन महिन्यांनी बॅकअपमधली एक झिप फाइल उघडेना. मग दुसरी. मग बाबांच्या साठीच्या समारंभाचे फोटो, खालचा अर्धा भाग करड्या पट्ट्यांचा. रॅम लाखो वेळा बरोबर वाचत होती आणि एखाद्या वेळी एक बिट चुकवत होती. दोन महिन्यांत मी जे जे कॉपी केलं ते सगळं त्या चुकणाऱ्या रॅममधून गेलं होतं. मशीन एकदाही हँग झालं नव्हतं. त्यातले चौदा फोटो कायमचे गेले.

नंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला, तिसऱ्या फेरीत चुका दिसल्या. २९३३ वर आणल्यावर चार फेऱ्या स्वच्छ. तेव्हापासून तेच ठेवलंय.

म्हणून हात जोडून सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी प्रोसेसर साध्या सेटिंगवर ठेवून फक्त रॅम २९३३ करा. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी एक पायरी खाली या. ते पक्कं झालं की मगच प्रोसेसरला हात लावा. आणि तोवर कोणाच्याही लग्नाचं मूळ फुटेज त्या मशीनवरून हलवू नका, कार्डं तशीच बाजूला ठेवा. लग्न परत शूट करता येत नाही.

---

नवा_गडी

मस्त धागा. माझ्याकडे इंटेलचा आय५ १२४०० आणि एच६१० बोर्ड आहे. माझाही वाढेल का? यूट्यूबवर ९ गिगाहर्ट्झ पाहिला, खरं असतं का ते?

---

जुना_सेलेरॉन

९ चा विक्रम खरा आहे. २०२३ मध्ये इंटेलचा १४९००केएफ हा प्रोसेसर द्रवरूप हेलियमने गारठवून ९ गिगाहर्ट्झच्या वर नेला होता. पण ते काही क्षणांचं काम असतं, शर्यतीच्या घोड्याने नांगर ओढत नाहीत. रोजच्या मशीनशी त्याचा संबंध जोडू नका.

---

ओहम

नवा_गडी, तुमच्या १२४०० च्या नावापुढे के नाही, म्हणजे मल्टिप्लायर बंद. आणि एच६१० चिपसेटवर के असता तरी झाला नसता, त्याला झेड मालिकेचा बोर्ड लागतो. बस वाढवून बघू नका.

पण एक गोष्ट तपासा. १२४०० ला दीर्घकाळ ६५ वॉट आणि जोर लावताना ११७ वॉटपर्यंत घ्यायची मुभा आहे. काही स्वस्त बोर्ड थोड्या वेळाने ६५ वर आवळून धरतात. एचडब्ल्यूइन्फो हा वॉट-तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून मोठं काम लावा आणि प्रोसेसरचे वॉट बघा. अर्ध्या मिनिटाने आकडा ६५ वर येऊन चिकटला आणि तापमान साठ-पासष्टच असेल, तर बायोसमध्ये पॉवर लिमिट वाढवायची सोय आहे का ते शोधा. कंपनीने दिलेल्या मर्यादेतलाच वेग आहे तो, तुमच्या हक्काचा.

---

मोजून_मापून

मला मात्र हा सगळा खटाटोप चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. बी३५० बोर्डांवर रायझन ५००० मालिका चालवायला एएमडीने २०२२ मध्ये परवानगी दिली. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर नवं बायोस असेल तर ते टाका, १६०० काढा, ५६०० बसवा. तेवढेच सहा कोर, पण अशा कामात दीडपट वेग. तोही ६५ वॉटमध्येच. ओव्हरक्लॉक करून मिळणारे नऊ-दहा टक्के त्यापुढे काहीच नाहीत. जुना १६०० विकून थोडे पैसे सुटतील ते वेगळेच.

---

वऱ्हाडी_फ्रेम

मोजून_मापून भाऊ, हे मला माहीतच नव्हतं. बोर्डाच्या साइटवर जाऊन बघितलं, ५६०० यादीत आहे. दिवाळीला नक्की करतो. आत्ता सीझनच्या मध्यात बायोस बदलायची हिंमत होत नाही. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, मध्येच गेली तर बोर्डच बसायचा. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी आता म्हातारी झालीये. तोवर रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसं करतो.

---

कोकणवारा

रत्नागिरीहून. हीटसिंक काढून साफ करणार असाल तर एक सांगतो, माझ्या हातून झालंय.

एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसर फक्त पिनांनी धरलेला असतो, वरून लोखंडी चौकट नसते. दोघांमधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली की हीटसिंक प्रोसेसरला घट्ट चिकटतो. मी चारही स्क्रू सोडवले आणि हीटसिंक सरळ वर ओढला. सॉकेटची दांडी बंद असतानाच प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून हातात आला. १३३१ पिना असतात, त्यातल्या कोपऱ्यातल्या सात वाकल्या होत्या. मेकॅनिकल पेन्सिलीतलं शिसं काढून तिच्या पोकळ टोकात एकेक पीन घेऊन सरळ केली. दीड तास लागला, श्वास धरून. चालला, पण एखादी पीन तुटली असती तर संपलंच होतं.

बरोबर पद्धत अशी: आधी दहा मिनिटं मोठं काम लावून प्रोसेसर गरम करा म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करा, वायर काढा, लगेच स्क्रू सोडवा. हीटसिंक वर न ओढता जात्यासारखा डावी-उजवीकडे हलके फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला.

---

चंद्रपूरचा_उन्हाळा

फ्रेम भाऊ, खोलीत कूलर आहे का? पाण्याचा म्हणतोय, खसवाला.

---

वऱ्हाडी_फ्रेम

आहे ना. पण तो बाहेरच्या खोलीत, गिऱ्हाइकांसाठी. रात्री बंद असतो. एडिटिंगच्या खोलीत लावला तर मशीनला ओल लागेल अशी भीती वाटते.

---

चंद्रपूरचा_उन्हाळा

भीती अर्धी खरी आहे. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलर खोली आठ-दहा अंशांनी खाली आणतो. चालू मशीन खोलीपेक्षा गरमच असतं, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. दव धरतं ते बर्फाने किंवा नायट्रोजनने गार करणाऱ्यांकडे.

त्रास वेगळा आहे. झोतातून पाण्याचे बारीक कण उडतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. माझं कॅबिनेट एक उन्हाळा कूलरच्या थेट झोतात होतं. उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थर, त्याच्यावर धूळ चिकटून लेपासारखी घट्ट बसलेली. ब्लोअरने निघाली नाही, ब्रशने खरवडावी लागली. म्हणून कूलर खोलीच्या दारात ठेवा, झोत भिंतीवर जाऊ द्या, मशीनकडे नको. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर ओल कोंडून कूलरच काम करेनासा होतो. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर घ्या. पावसाळा लागला की हा उपाय बंद, तेव्हा हवाच ओली असते.

---

वऱ्हाडी_फ्रेम

मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय. मध्ये सात लग्नं होती.

क्रमाने सांगतो. आधी रॅम. एक्सएमपी चालू केल्यावर मशीन तीनदा सुरू-बंद, सुरू-बंद झालं आणि स्वतःच २१३३ वर परत आलं. मग हाताने २९३३ निवडलं, व्होल्टेज १.३५. हे रॅमचं व्होल्टेज, प्रोसेसरचं नाही. पहिल्या रात्री मेमटेस्टमध्ये चार फेऱ्या, चूक शून्य. ताईंचे फोटो डोक्यात होते म्हणून दुसऱ्या रात्रीही चालवला. शून्य.

मग सफाई. कोकणवारा भाऊंनी सांगितलं तसं गरम करून जात्यासारखं फिरवलं. पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आता स्पायर परत न बसवता बाजारातून १२० मिलिमीटर फॅनचा उभा टॉवर कूलर आणला, दोन हजारांच्या आसपास पडला. साध्या सेटिंगवर ४० चा फरक होता तो ३० वर आला. हा खर्च पुढे ५६०० लाही उपयोगी पडेल.

मग प्रोसेसर. मल्टिप्लायर ३७, व्होल्टेज १.२५. प्राइम९५ हा प्रोसेसरचा कस पाहणारा प्रोग्राम लावला, चाळीस मिनिटांनी एक वर्कर चूक दाखवून थांबला. मशीन चालूच होतं, विंडोज चालूच होतं. रेंडरमध्ये हे मला कधी कळलंही नसतं. लोड-लाइनचं (भाराखाली घसरणारं व्होल्टेज सावरणारं) सेटिंग ऑटोवर होतं, भार पडला की व्होल्टेज १.२१ पर्यंत घसरत होतं. ते मधल्या पायरीवर ठेवलं, आता १.२४ च्या खाली जात नाही. त्यानंतर सहा तास प्राइम९५, एकही चूक नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची, हार्डवेअरच्या चुकीची, नोंद येते का तेही रोज बघतो. अजून एकही नाही.

तेच जुनं लग्न, तोच फिल्टर, परत रेंडर केलं. आधी ५ तास ३० मिनिटं, आता ४ तास ५२ मिनिटं. दोन लग्नं ९ तास ४४ मिनिटं. रात्री दहाला लावलं की सकाळी पावणेआठच्या आत मशीन मोकळं.

---

ओहम

भाऊ, प्राइम९५ची ती चूक तुम्ही सोडली नाहीत, याचा फार आनंद झाला. बायोसमध्ये हे सेटिंग प्रोफाइल म्हणून साठवून ठेवा आणि शेजारी साधं सेटिंग दुसऱ्या नावाने ठेवा. तुमच्याकडे लाइट जाते म्हणता. बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी सात वर्षांची असेल तर तीही आत्ताच बदला. ती संपली की बायोस सगळं विसरतो, रॅम परत २१३३ वर जाते आणि लक्षातही येत नाही.

---

रात्रपाळी

शून्य चुका वाचून बरं वाटलं. तरी महिन्यातून एकदा मेमटेस्ट लावत जा, विशेषतः खोली तापली की. थंडीत पास झालेली रॅम उन्हाळ्यात चुकू शकते.

---

नवा_गडी

ओहम दादा, बघितलं. २८ सेकंदांनी आकडा ६५ वर येऊन चिकटतो, तापमान फक्त ६१. बायोसमध्ये पॉवर लिमिट सापडलं, वाढवलं. कोड बिल्ड व्हायला ११ मिनिटं लागायची, आता साडेनऊ. बस नाही वाढवली.

---

वऱ्हाडी_फ्रेम

ओहम भाऊ, बॅटरी आजच बदलली, जुनीत मीटरवर २.७ दिसले. ताई, पहिल्या रविवारी मेमटेस्ट, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आज तेल्हाऱ्याचं आणि मूर्तिजापूरचं, दोन लग्नं रांगेत आहेत. कूलर दारात, झोत भिंतीवर, खिडकी चार बोटं उघडी. खोलीत ३४ आणि प्रोसेसर ७०. दिवा घालवून झोपायला निघालो.